क्वांटमशी बादरायण संबंध

एक वाक्य आहे. मी ते मराठीत वाचलं आहे, गुजरातीत वाचलं आहे, हिंदीत तर इतक्यांदा वाचलं आहे की मोजणं सोडून दिलं. वाक्य साधारण असं असतं: दोन कण एकदा भेटले की मग ते विश्वाच्या दोन टोकांना गेले तरी एकाला चिमटा काढताच दुसरा कळवळतो, आणि हे आता विज्ञानानेही सिद्ध केलं आहे. त्यापुढे लेखकाच्या मगदुराप्रमाणे विरहिणी येते, जुळी भावंडं येतात, फाळणीत ताटातूट झालेली माणसं येतात, परदेशातल्या मुलाचं दुखणं ज्यांना आधीच कळतं त्या आया येतात; आणि लेख फारच लांबला तर अद्वैत येतं. भाषांतरात काहीतरी हरवतंच, असं आपण या अंकाचे वाचक एकमेकांना नेहमी सांगत असतो. हे वाक्य मात्र कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेत तसंच्या तसं उतरतं.

ते खोटं आहे. ढोबळ, सुलभ, काव्यमय वगैरे नव्हे, खोटं. बडोद्याच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्याच्या दुप्पट वर्षं कविता वाचत आले, म्हणून हे दोन्ही बाजूंच्या वतीने बोलायचा हक्क सांगते.

हे बोलून दाखवलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो बाई, ते रूपक आहे. तुम्ही शिक्षक लोक सगळं अक्षरशः घेता.’ बरं, रूपक. पण मुखाला चंद्र म्हणणाऱ्याने निदान चंद्र तरी पाहिलेला असतो. इथे उपमानाचाच पत्ता नाही. जो चिमटा आणि जो कळवळा रूपक म्हणून वापरला जातो तो निसर्गात कुठेही घडत नाही. आणि रूपकाचा आसरा घेणारे हेच लोक त्याच परिच्छेदात ‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’ असंही लिहितात. रूपकाला सिद्धतेचा दाखला कशाला हवा? आपल्या विरहिणीचं शेकडो वर्षं प्रयोगशाळेवाचून काही अडलं नव्हतं.

आता घडतं काय, ते सांगते. प्रकाशकणांची, म्हणजे फोटॉनची, एक खास पद्धतीने तयार केलेली जोडी घ्या. एक फोटॉन बडोद्याला पाठवा, दुसरा गुवाहाटीला. दोन्हीकडे उन्हाच्या चष्म्याला असते तशी पोलरॉइडची काच लावून एकेक माणूस बसला आहे. फोटॉन काचेतून पार जातो किंवा अडतो. माणूस वहीत ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहितो. अशा हजारो जोड्या पाठवा. बडोद्याच्या वहीत निम्मे ‘हो’ आणि निम्मे ‘नाही’ येतात, छापा-काटा केल्यासारखे, कुठलीही संगती नसलेले. गुवाहाटीतल्या माणसाने आपली काच फिरवली, काढून टाकली, फोडली किंवा तो कंटाळून घरी निघून गेला, तरी बडोद्याच्या वहीत त्याने तिळभर फरक पडत नाही. निम्मे-निम्मेच. कळवळणं नाही, शहारणं नाही, काही नाही. ही माझी अरसिकता नव्हे, पुंजयामिकीचं गणितच ते सांगतं, आणि आजवरच्या कुठल्याही प्रयोगात याच्या विरुद्ध काही दिसलेलं नाही. म्हणून या मार्गाने निरोप पाठवता येत नाही. आईला मुलाची खबर द्यायची असेल तर फोनच करावा लागतो.

शिवाय ‘आधी याला चिमटा, मग त्याला कळ’ म्हणायचं तर आधी आणि मग तरी नक्की हवेत. दोन्हीकडची मोजणी पुरेशी दूर आणि पुरेशी एकाच सुमाराला झाली, तर पहिली कुठली हे पाहणाऱ्याच्या वेगावर अवलंबून असतं. आइन्स्टाइनने १९०५ सालीच हा घोळ दाखवून दिला. एकाला गुवाहाटी आधी दिसेल, दुसऱ्याला बडोदं. मग चिमटा कोणी काढला?

नवल दिसतं ते दोन वह्या शेजारी ठेवल्यावर. दोघांच्या काचा एकाच कोनात असतील तर ओळीला ओळ जुळते. इथे ‘हो’ तर तिथे ‘हो’, इथे ‘नाही’ तर तिथे ‘नाही’, एकदाही चूक नाही. पण त्यासाठी वह्या एकत्र आणाव्या लागतात, टपालाने म्हणा किंवा तारेने, प्रकाशाहून वेगाने नव्हेच.

एवढं सांगितलं की दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतात. आपल्याकडे विवेकवादी म्हणवणाऱ्यांचा एक वर्ग आहे. माझी ऊठबस त्यांच्यातच जास्त, म्हणून त्यांना सोडणार नाही. ते म्हणतात, ‘मग त्यात एवढं काय? चपलांचा जोड आहे. प्रवासाच्या गडबडीत एक चप्पल सुरतेला राहिली, एक नागपूरला गेली. नागपुरात पिशवी उघडली, डावी निघाली. सुरतेची उजवी हे तत्क्षणी कळलं. यात गूढ कसलं?’ हेही चूक आहे, आणि पहिल्या चुकीपेक्षा कमी आळशी नाही. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन बेल या आयरिश माणसाने या चुकीवर १९८१ साली एक सुंदर निबंधच लिहिला. त्याचे सहकारी बर्टलमान दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत. एक पाय दिसला की दुसऱ्या पायातला मोजा त्या रंगाचा नाही हे न बघता कळे. बेलचं म्हणणं, प्रकरण एवढंच असतं तर रडायचं काही कारणच नव्हतं. पण ते एवढंच नाही, हे त्याने स्वतःच १९६४ साली दाखवलं होतं.

त्याचा हिशेब स्वयंपाकघरात बसून करण्याजोगा आहे, म्हणून इथे थांबते. थोरली आणि धाकटी अशा दोन बहिणी. दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. प्रश्न तीनच: चहा आवडतो का, पाऊस आवडतो का, गाणं आवडतं का. प्रत्येकीला यातला कुठलाही एक विचारायचा, तो चिठ्ठी टाकून ठरवायचा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. हजारो फेऱ्यांत दिसलं की दोघींना एकच प्रश्न पडला की उत्तर दर वेळी एकच येतं. तुम्ही काय म्हणाल? दोघी आत जाण्यापूर्वी दर फेरीची उत्तरं ठरवून येतात. चपलांचा सिद्धांत तो हाच, आणि तो शहाणपणाचा आहे. आइन्स्टाइनने पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह १९३५ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा रोखही असाच होता: वस्तूंजवळ उत्तरं आधीपासून असली पाहिजेत, तुमच्या सिद्धांतात ती दिसत नाहीत, म्हणजे सिद्धांत अपुरा.

आता दोघींना वेगवेगळे प्रश्न पडले त्या फेऱ्या पाहा. ठरवून आणलेली उत्तरं तीन, आणि प्रकार दोनच. म्हणजे तिन्हींपैकी निदान दोन तरी सारखी असणारच. दुसरा इलाजच नाही. वेगवेगळ्या प्रश्नांच्या जोड्या तीन होतात: चहा-पाऊस, पाऊस-गाणं, चहा-गाणं. त्यांतल्या निदान एका जोडीत उत्तरं जुळणार. म्हणून प्रश्न वेगळे असतानाही तीनांत निदान एकदा तरी दोघींचं उत्तर सारखं यायला हवं. बहिणी कितीही लबाड असोत, कागदावर काहीही ठरवून येवोत, याच्या खाली आकडा जाऊ शकत नाही.

फोटॉनच्या बाबतीत तो चारांत एक येतो.

तीन प्रश्नांच्या जागी काचेचे तीन कोन ठेवा, एकमेकांपासून साठ-साठ अंशांवर. कोन सारखे असले की उत्तरं शंभर टक्के जुळतात, कोन वेगळे असले की पंचवीस टक्के. ठरवून आलेल्यांना तेहतीसच्या खाली जाता येत नाही. या दोन आकड्यांच्या फटीत सगळं प्रकरण आहे. उत्तरं आधीपासून लिहिलेली होती आणि इकडच्या करणीचा तिकडे परिणाम होत नव्हता, ही दोन्ही विधानं एकत्र नांदू शकत नाहीत. कुठलं सोडायचं यावर पदार्थवैज्ञानिकांत आजही भांडण आहे आणि ते चांगलं, कसदार भांडण आहे. कुणी म्हणतात, मोजण्याआधी उत्तर नसतंच. कुणी म्हणतात, उत्तरं आहेत, पण मग अंतरावरून काहीतरी जुळवलं जातं, फक्त ते आपल्याला वापरता येत नाही. कुणी आणखी तिसऱ्याच वाटेने जातात. ‘एक कण दुसऱ्याला सांगतो’ हे या भांडणातलं फार तर एक मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

प्रयोग झाले ते असे. जॉन क्लॉसर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी १९७२ साली बर्कलीत कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशावर पहिली मोजणी केली. अलॅन अस्पे यांनी पॅरिसजवळ ऑर्से इथे १९८२ साली फोटॉन वाटेत असतानाच मोजणीचा कोन बदलण्याची व्यवस्था केली, म्हणजे आधी कानोसा घेऊन उत्तर ठरवायची सोय उरू नये. २०१५ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टला एकमेकांपासून १.३ किलोमीटरवरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर प्रयोग झाला. त्यात हिशेबाची मांडणी थोडी वेगळी असते: ठरवून आलेल्यांची मर्यादा २, पुंजयामिकी जास्तीत जास्त २.८३ पर्यंत जाऊ देते, डेल्फ्टला २.४२ आले. २०१७ साली चीनच्या उपग्रहाने बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर अशा जोड्या उतरवल्या. २०२२ चं नोबेल क्लॉसर, अस्पे आणि अँटन झायलिंगर यांना मिळालं, आणि त्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्रांनी काय छापलं? दोन कण, चिमटा, कळवळणं. बेल १९९० सालीच गेला होता. त्याचा हिशेब मी वर तीन परिच्छेदांत सांगितला; चौथी-पाचवीतल्या मुलाला तो कळतो. तो एकाही संपादकाला छापावासा वाटू नये?

आता अद्वैताकडे. एर्विन श्रोडिंगर उपनिषदांचा भक्त होता, हे खरं आहे; त्याने त्याबद्दल मन लावून लिहिलं आहे. आणि एंटँगलमेंट हा शब्दही त्यानेच १९३५ साली रूढ केला, हेही खरं. ही दोन सत्यं शेजारी ठेवून मधला पूल आपणच बांधतो. ज्या निबंधांत हा शब्द आला त्यांत वेदान्ताचं नावही नाही. तिथे श्रोडिंगर आनंदलेला नाही, अस्वस्थ आहे. पुढच्या वर्षी तर त्याने अशी शंका बोलून दाखवली की अंतर वाढल्यावर हे नातं कदाचित आपोआप विरत असेल. यजमानाच्या दारातलं बोरीचं झाड आणि पाहुण्याच्या गाडीचं बोरीच्या लाकडाचं चाक, एवढ्या आधारावर सोयरीक सांगणाऱ्याची गोष्ट आपल्याकडे आहे. त्याला बादरायण संबंध म्हणतात. ब्रह्मसूत्रं ज्याच्या नावावर आहेत तोही बादरायणच. हा योगायोग मला लेखनापुरता तरी फार उपयोगी पडला.

गणित तर उलट बाजूला बोट दाखवतं. दोन कण एकमेकांशी पूर्ण गुंतलेले असतील तर त्यांतल्या कुणाचंही तिसऱ्या कशाशीही असं नातं असूच शकत नाही. याला एंटँगलमेंटची एकनिष्ठा म्हणतात, आणि २००० साली कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी तिचा चोख हिशेब मांडला. इथे कुणी म्हणेल की सगळं सगळ्याशी थोडंथोडं गुंततंच की. गुंततं. हवेच्या रेणूशी, भिंतीच्या उष्णतेशी, जे भेटेल त्याच्याशी. आणि म्हणूनच त्या दोघांचं नातं मातीमोल होतं. प्रयोगशाळांतली निर्वात पात्रं आणि कडाक्याची थंडी असते ती या भेटीगाठी टाळायला. सगळ्यांशी गुंतलेपण हे कुणा एकाशी गुंतलेपणाचं मरण आहे. आता हे ‘सर्वं खल्विदं’च्या बाजूचं आहे की विरुद्ध, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ‘सिद्ध झालं’ असं म्हणू नये.

शब्दाबद्दलही थोडं. आपण मराठीत सरसकट ‘गुंतागुंत’ लिहितो. गुंता केसांचा होतो, लोकरीचा होतो, न सोडवला तर वाढतो. हे नातं नेमकं उलटं: क्षणात सुटतं, टिकवताना जीव जातो. श्रोडिंगरचा जर्मन शब्द ‘फेरश्रेंकुंग’. जर्मन माणूस हात दुमडून उभा राहिला की त्याच्या हातांनाही हेच विशेषण लागतं. म्हणजे हाताची घडी! आणि निरोप पाठवता येत नाही ही अट लक्षात घेतली, तर तोंडावर बोट. आपल्या प्रत्येक बालवाडीत हा सिद्धांत रोज पाठ होतो. मी परिभाषा समितीला हा शब्द सुचवणार नाही, पण वर्गात सांगून पाहिला आहे. गुंतागुंतीपेक्षा बरा लक्षात राहतो. याच बडोद्यात १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा एक कोश निघाला, सयाजीशासनशब्दकल्पतरू. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडले आहेत. विज्ञानाच्या शब्दांसाठी लेखक-कवींनी एकत्र बसून असं काही करावं असं मला फार वाटतं. पण त्यांना तयार चमत्कार हवा असतो.

‘भुताटकी’चंही तेच. आइन्स्टाइनने मॅक्स बोर्नला १९४७ साली लिहिलेल्या पत्रात दूरवरच्या भुताटकीचा उल्लेख आहे, पण पदार्थविज्ञानात असलं काही चालता कामा नये, या अर्थाने. म्हातारा टोमणा मारत होता. आपण तो त्याचा दाखला म्हणून फ्रेम करून लावला.

तुम्ही विचाराल, एखादी ओळ चुकली तर कुणाचं काय बिघडलं? सांगते. माझ्या नात्यातल्या एका बाईंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी तातडीने तपासण्या सांगितल्या. कुणीतरी त्यांना एका दूरस्थ उपचारकाकडे नेलं. त्याने त्यांचा फोटो ठेवून घेतला, पैसे घेतले आणि सांगितलं की फोटो आणि देह हे क्वांटम पातळीवर जोडलेले असतात, उपचार फोटोवर होतील. सात महिने गेले. बाई वाचल्या, पण जे लहान शस्त्रक्रियेत भागलं असतं त्यासाठी त्यांना वर्षभर भोगावं लागलं. त्या माणसाचं तीन भाषांतलं पत्रक मी पाहिलं आहे. त्यात पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलं एक अक्षर नव्हतं. होते ते विश्वाच्या दोन टोकांचे कण, चिमटा, कळवळणं, ताटातूट, अद्वैत. चांगल्या भाषेत होते. ती भाषा त्याला आमच्या विद्याशाखेने दिली नाही. ती दिवाळी अंकांतून आली, ललित निबंधांतून आली, समारोपाच्या भाषणांतून आली. तुम्ही तिथे रूपक म्हणून ठेवलं होतं, त्याने ते औषध म्हणून विकलं.

बाजारात ‘क्वांटम’ लॉकेटं मिळतात. अपायकारक लहरींपासून रक्षण करतात म्हणे. २०२१ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा विभागाने अशा काही वस्तूंवर बंदी घातली, कारण त्या स्वतःच किरणोत्सारी निघाल्या. लोकांनी लहरींच्या भीतीने गळ्यात किरणोत्सर्ग बांधला होता. यावर कुणी कविता लिहिल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. पैसा तुमचा-माझा आहे. तो योग्य ठिकाणी जातो का हे विचारायचं तर निदान हे काय आहे एवढं माहीत हवं. चिमट्याच्या वाक्यावर पोसलेला नागरिक त्या प्रश्नापाशी पोचतच नाही.

विज्ञानाच्या प्रांतात कवींनी येऊ नये असं मला म्हणायचं आहे, असा अर्थ कुणी काढील, म्हणून एका चुकीची गोष्ट सांगते. निक हर्बर्ट नावाच्या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने १९८२ साली अशा जोड्यांतून प्रकाशाहून वेगाने निरोप पाठवायची युक्ती छापली. युक्ती चूक होती. निबंध तपासणाऱ्यांपैकी अ‍ॅशर पेरेस यांना ती चूक आहे हे ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी तो छापावा अशी शिफारस केली, कारण चूक कुठे आहे हे शोधताना काहीतरी हाती लागेल असं त्यांना वाटलं. लागलं. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, दाखवलं की अनोळखी पुंजस्थितीची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही. आजची क्वांटम गुप्तलिपी या नियमावर उभी आहे. हर्बर्टची चूक उपयोगी पडली, कारण त्याने नेमकं काहीतरी म्हटलं होतं आणि ते तपासता येत होतं. कवींनी अशी चूक करावी. माझी हरकत तपासताच येत नाही अशा गुळगुळीत वाक्याला आहे.

आणि कवितेला लागणारं द्रव्य तिथे खरोखरच पडलेलं आहे. श्रोडिंगरने १९३५ साली सांगितलेली मुख्य गोष्ट चिमट्याची नव्हतीच. त्याने सांगितलं की अशा जोडीबद्दल जे जे कळू शकतं ते सगळं आपल्याला कळलेलं असतं, आणि तरी त्यातल्या एकेकाबद्दल विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नसतं. अज्ञानामुळे नव्हे, तिथे सांगण्याजोगं वेगळं काही नाहीच. पन्नास वर्षं एका घरात राहिलेल्या म्हातारा-म्हातारीला ओळखणारं कुणीही या वाक्यापाशी थबकेल. आपण आजवर उलटं मानत आलो, की तुकडे कळले की अख्खं कळतं. त्यावर, किंवा तीनांत एक आणि चारांत एक यांच्यामधल्या फटीवर, किंवा दोन वह्या एकत्र येईपर्यंत अर्थहीन राहणाऱ्या ‘हो’-‘नाही’च्या रांगांवर कुणी लिहिलं असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवावं. मराठीत, हिंदीत, बंगालीत, कशातही. गुजरातीत मी स्वतः उतरवीन. कण आणि चिमटा असलेल्या कविता मात्र पाठवू नयेत. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत.